बिडाचा जुना वॉफल साचा: घासू नका, भिजवा

शेगडीवर ठेवायचा बिडाचा वॉफल साचा मुंबईत हवा असेल, तर बहुतेक वेळा जुनाच शोधावा लागतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या दुकानांत, दारुखान्यातल्या भंगाराच्या ढिगांत किंवा एखादं जुनं घर रिकामं होताना निघालेल्या सामानात असा साचा अधूनमधून दिसतो. तो गंजलेला, काळ्या किटणानं भरलेला असतो आणि विकणाऱ्याला तो नक्की कशाचा आहे हे माहीत असेलच असं नाही. चोर बाजारातली ही दुकानं शुक्रवारी बंद असतात, म्हणून निवांत तपासून घ्यायचं असेल तर आठवड्यातला दुसरा दिवस धरा.

घावनाचा बिडाचा तवा ज्यांनी घासूनपुसून पुन्हा वापरात आणला आहे, त्यांना हेही तसंच काम वाटतं. पण तवा सपाट असतो. तो विटेच्या तुकड्यानं, तारेच्या घासणीनं, अगदी सँडपेपरनं तासला तरी चालून जातं. साच्याला दोन्ही बाजूंनी खण असतात आणि त्या खणांच्या कोपऱ्यांत हात, घासणी, सँडपेपर काहीच नीट पोचत नाही. जोर लावून घासलं की उंचवट्यांची टोकं तेवढी चकचकीत होतात आणि तळाची घाण तशीच राहते. म्हणून साच्याचं जवळजवळ सगळं काम भिजवून करायचं असतं, घासणं अगदी शेवटी आणि थोडं.

विकत घेण्याआधी

खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. आपल्याकडे गॅसवरचे सँडविच टोस्टर ॲल्युमिनियमचे असतात आणि त्याच घाटाचे ॲल्युमिनियमचे वॉफल साचेही निघतात. काळा रंग मारला की नजरेला फरक कळत नाही. चुंबक चिकटलं नाही तर तो साचा पुढच्या कामाचा नाही, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

पूर्ण साच्याचे तीन भाग असतात: दोन तबकड्या आणि त्या ज्यावर टेकतात ते गोल कडं. बऱ्याच अमेरिकन साच्यांत तबकड्यांच्या बिजागरीला बोराएवढी गोटी असते, ती कड्याच्या खाचेत बसते आणि तिच्यावर साचा शेगडीवरच उलटा फिरवता येतो. ही गोटी किंवा बिजागरीचे कान तुटलेले असतील तर घेऊ नका. बिडाला जोड नीट लागत नाही, आणि लागला तरी तापून-निवून पुन्हा सुटतो. कडं नसेल तर मात्र लगेच नाही म्हणू नका. तबकड्या चांगल्या असतील तर चिमट्यानं किंवा मुठीला धरून पलटता येतात, फक्त काम कष्टाचं होतं.

तबकड्या बंद करून मागून मोबाइलचा टॉर्च लावा. कडेनं सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला फट मोठी असेल तर तबकडी तापून वाकलेली आहे. ती सरळ होत नाही, आणि त्या फटीतून पीठ दर वेळी बाहेर येणार. मग प्रत्येक तबकडी मुठीला धरून लोंबकळत ठेवा आणि किल्लीनं हळूच वाजवा. सलग टणत्कार आला तर अखंड, ठप्प आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तडा बहुधा बिजागरीजवळ असतो.

पाठीवर अक्षरं असतील तर वाचून घ्या. ग्रिसवोल्ड म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा कारखाना. तो १८६५ मध्ये सुरू झाला आणि १९५७ मध्ये बंद पडला. वॅग्नर हा ओहायोतल्या सिडनीचा, १८९१ पासूनचा. ग्रिसवोल्डच्या बऱ्याच साच्यांवर १ डिसेंबर १९०८ अशी तारीख असते. ती पेटंटची आहे, ओतल्याची नाही. त्यानंतर कित्येक वर्षं तीच तारीख ओतली जात होती. तेव्हा तिच्याकडे बोट दाखवून कोणी शंभर वर्षांचा भाव सांगितला तर तेवढ्यावर पैसे देऊ नका. नाव नसलेला, पण खण खोल आणि कडा नीट जुळणारा साचा स्वयंपाकाला तितकाच चांगला असतो.

शोभेसाठी रंगवलेला साचा आमच्या मते सोडून द्यावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि खणांतून ते पूर्ण निघाल्याची खात्री घरी करता येत नाही.

मुठी आधी काढा

लाकडी मूठ असेल तर ती स्क्रूवर किंवा लोखंडी सळईवर बसवलेली असते. सांध्यावर गंज सोडवणारं स्प्रे तेल मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं फिरवा. फिरत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. जोर केला की आतलं बीडच फुटतं. लाकूड कुजलं असेल तर सुताराकडून शिसवी किंवा सागवानाची मूठ लेथवर करून घेता येते. माप म्हणून जुनी मूठ बरोबर न्या. तारेच्या गुंडाळीची मूठ असेल तर तिच्यावर बहुधा निकेलचा मुलामा असतो. ती निघत असेल तर काढून साबणानं धुवा, एवढं पुरे.

पहिलं भिजवणं: चिकट थर

क्रम महत्त्वाचा आहे. गंजाच्या आधी तेल-साखरेचा जळका थर काढायचा, कारण त्याच्याखाली दडलेल्या गंजापर्यंत व्हिनेगर पोचतच नाही.

रंगाची २० लिटरची झाकणाची प्लास्टिक बादली स्वच्छ धुऊन घ्या. तिच्यात आधी १० लिटर पाणी भरा. मग २५० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा करून पाण्यात सोडा आणि लाकडी दांड्यानं ढवळा. नेहमी पाण्यात सोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. पाणी गरम होतं, ते अपेक्षितच आहे. रबराचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल घातल्याशिवाय झाकणही उघडू नका. शिंतोडा उडाला तर पहिल्यांदा नळाखाली भरपूर पाणी, बाकी सगळं नंतर. डोळ्यात गेला तर पाण्यानं धूत राहा आणि तसेच डॉक्टरकडे जा. खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा याच्या जागी चालत नाही. कॉस्टिकच्या चपट्या पापड्या मस्जिद बंदरजवळ वडगादीत केमिकलवाल्यांकडे किंवा मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

तबकड्या एकमेकींपासून सोडवून, लोखंडी तारेनं बांधून, पूर्ण बुडतील अशा सोडा. तोंडाला तोंड लावून ठेवल्या तर खणांत द्रावण फिरत नाही. झाकण लावा, बादलीवर ठळक अक्षरांत लिहा आणि मुलं व पाळीव प्राणी पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. घरात लहान मूल असेल आणि बंद करता येईल अशी बाल्कनी नसेल, तर हा उपाय घरी करूच नका.

तीन दिवसांनी बाहेर काढून पाहा. पाणी चहासारखं तपकिरी झालेलं असतं आणि खणांच्या भिंतींवरचा थर साबणासारखा मऊ पडलेला असतो. तो नायलॉनच्या ब्रशनं आणि बांबूच्या काडीनं काढा. कोपऱ्यांत काळे कडक खडे उरतात, ती जळलेली साखर. तिला वेळ लागतो. तबकड्या पुन्हा बुडवा, आणखी तीन-चार दिवस. द्रावणात जास्त दिवस राहिल्यानं बिडाला काही होत नाही, त्यामुळे घाई करून सुऱ्याच्या टोकानं उकरायची गरज नाही. मुंबईच्या उष्ण हवेत हे काम थंड गावापेक्षा लवकर होतं.

काम झाल्यावर भरपूर पाण्यानं धुवा. हातमोज्याला बुळबुळीत लागतंय तोवर सोडा शिल्लक आहे असं समजा. उरलेलं द्रावण भरपूर पाणी सोडत, हळूहळू मोरीत ओतता येतं. नाल्या मोकळ्या करायला लोक हेच वापरतात. फक्त ते ॲसिडच्या क्लीनरमध्ये मिसळू देऊ नका.

दुसरं भिजवणं: गंज

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. तबकडी त्यात ३० मिनिटं ठेवा, बाहेर काढून पितळी तारांच्या ब्रशनं खण घासा, धुवा, पाहा. गंज असेल तर आणखी ३० मिनिटं. रात्रभर ठेवून झोपू नका. गंज संपला की व्हिनेगर खालचं बीड खायला लागतं आणि पृष्ठभाग राखाडी, खरखरीत होतो. तिथे पुढे पीठ चिकटतं.

खड्ड्यांत खोल गंज असेल तर विजेचा उपाय जास्त चांगला चालतो: धुण्याच्या सोड्याचं पाणी (४ लिटरला १ टेबलस्पून), १२ व्होल्टचा जुना बॅटरी चार्जर, ऋण टोक साच्याला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. तबकडीचा खणांचा चेहरा पत्र्याकडे असू द्या. पाठ फिरवली तर खणांतला गंज तसाच राहतो. यात हायड्रोजन निघतो, म्हणून हे फक्त मोकळ्या हवेत, जवळ ठिणगी न आणता. टॉवरमधल्या बंद फ्लॅटात हा उद्योग नको.

भंगारवाला कधी कधी सल्ला देतो की साचा भट्टीत टाका, सगळं जळून जाईल. जळतं खरं, पण त्याबरोबर बीड वाकतं आणि त्यावर लालसर पापुद्रे धरतात, ज्यांवर तेल कधीच बसत नाही. सँडब्लास्टिंगनंही खणांच्या धारदार कडा बोथट होतात, आणि वॉफलचा खरपूसपणा त्या कडांतच असतो.

वाळवणं ही शर्यत आहे

उघडं पडलेलं बीड मुंबईच्या हवेत मिनिटांत नारिंगी होतं. जुलैमध्ये तर पुसता पुसता. म्हणून धुण्याआधीच शेगडी, फडकं, तेल हाताशी ठेवा. धुतल्याबरोबर जाड पंच्यानं दाबून पुसा, मग हेअर ड्रायरनं खणांतलं पाणी उडवून लावा. हा ड्रायर या कामात फार उपयोगी आहे, कारण खणाच्या कोपऱ्यात थांबलेला थेंब फडक्याला येत नाही. लगेच मंद गॅसवर ५ ते ७ मिनिटं, हाताला चटका बसेल इतकं तापू द्या. कोमट असतानाच तेलाचा हात फिरवा. फडक्याला काळं लागेल, त्यानं घाबरू नका. बिडात ग्राफाइट असतं आणि त्याच्यावरचा बारीक काळा ऑक्साइडही निघतो. तेल मुरवण्याच्या, म्हणजे तेलाचा पातळ हात तापवून कडक करण्याच्या, दोन-तीन थरांनंतर ते थांबतं.

तेल मुरवणं

रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राइस ब्रान यांपैकी कोणतंही तेल घ्या. खोबरेल नको. कोकणात तव्याला सर्रास खोबरेल लावतात, पण त्यातली चरबी बहुतेक संपृक्त असते. ती तापून कडक थर धरत नाही, चिकट राहते. जवसाच्या तेलाचा थर पहिल्यांदा सुंदर दिसतो, पण पुढे पापुद्र्यांनी सुटतो, आणि खणांतून सुटलेले ते पापुद्रे थेट वॉफलमध्ये येतात.

तबकडी ओव्हनमध्ये १०० अंशांवर १५ मिनिटं तापवा. एका तबकडीला अर्धा चमचा तेल पुरतं. जुन्या टूथब्रशनं ते प्रत्येक खणात पोचवा. आता कोरडं सुती फडकं बोटाला गुंडाळून, बारीक जागी काडीच्या टोकाला लावून, सगळं तेल पुसून काढा. तेल चुकून सांडलं होतं आणि आता त्याचा मागमूस ठेवायचा नाही, अशा बेतानं पुसा. एवढं करूनही जो अदृश्य हात उरतो, तेवढाच थर हवा. खणाच्या तळाशी तेलाचं डबकं राहिलं तर ते मधासारखं चिकट गोठतं आणि पहिल्या वॉफलला तिथेच धरून ठेवतं. साचा बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि पुन्हा कॉस्टिकमध्ये बुडवल्याशिवाय ते सुधारत नाही.

मग ओटीजीत खणांचं तोंड खाली करून २३० अंशांवर १ तास, आणि बंद ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. लाकडी मूठ आत जाता कामा नये. तशीही मूठ काढल्याशिवाय लहान ओटीजीत तबकडी बसत नाही. असे ४ थर द्या. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो. ओव्हन नसेल तर मंद गॅसवर दोन्ही बाजूंनी धूर येईपर्यंत तापवून, पुसून, थंड करून हेच ५-६ वेळा करा. थर थोडा असमान येतो, पण वापरता वापरता जुळून येतो. कड्याला एक-दोन थर पुरेत. बिजागरीच्या खाचेत तेलाचा एक थेंब सोडा.

शेगडीवर

काचेच्या शेगडीवर बसकं कडं ठेवू नका. ते बर्नर झाकून टाकतं, उष्णता खाली कोंडते आणि काच फुटू शकते. स्टीलच्या शेगडीचा मधला बर्नर सगळ्यात बरा. इंडक्शनवर कड्यामुळे तबकडी तळाला टेकतच नाही, त्यामुळे तो विचार सोडा.

साचा बंद करून मंद आचेवर एका बाजूनं ५ मिनिटं, उलटून ५ मिनिटं. मोठ्या आचेवर पटकन तापवलं तर मधला भाग भडकतो आणि कडा थंड राहतात, वर तडा जायची भीती वेगळी. पाण्याचे दोन थेंब टाका: नुसते सुसकारून विरले तर अजून थांबा, गोळी होऊन नाचले तर पीठ घाला. दोन्ही तबकड्यांवर तपासा, वरची हमखास मागे राहिलेली असते.

साधारण ५-६ वॉफलसाठी मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, मीठ अर्धा चमचा, साखर १ टेबलस्पून, २ अंडी, दूध ३०० मिली, पातळ केलेलं साजूक तूप ७५ ग्रॅम. पिवळा बलक, दूध आणि तूप एकत्र करून कोरड्या जिन्नसांत मिसळा, गुठळ्या थोड्या राहिल्या तरी चालतील. पांढरं फेसून शेवटी हलक्या हातानं मिसळा. अंडं नको असेल तर दुधाऐवजी ३०० मिली ताक आणि बेकिंग पावडरबरोबर अर्धा चमचा खाण्याचा सोडा. तुपात काटकसर करू नका. खणांतून वॉफल सुटतो तो मुख्यतः पिठातल्या तुपामुळे. साखर मात्र वाढवू नका, नव्या थरावर ती पहिल्यांदा चिकटते.

खणांना तूप स्वयंपाकातल्या मऊ ब्रशनं लावा. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळून चिकटतो. डब्यातला तेलाचा स्प्रेही नको, त्यातलं लेसिथिन खणांत गोंदासारखं बसतं. अर्धा कांदा किंवा वांग्याचं देठ तव्याला छान, इथे ते खणांत शिरत नाही.

मध्यभागी साधारण १२० मिली पीठ ओता, दोनतृतीयांश भाग भरेल एवढंच. बंद करा, दहा आकडे मोजा आणि लगेच उलटा. ही पहिली पलटी महत्त्वाची: पीठ पातळ असतानाच ते दुसऱ्या तबकडीच्या खणांत उतरायला हवं, नाहीतर एक बाजू पोकळ येते. मग दोन्ही बाजूंनी २ ते ३ मिनिटं. कडेनं येणारी वाफ ओसरेपर्यंत उघडू नका. वाफ जोरात असताना उघडलं की वॉफल मधोमध फाटतो, अर्धा वर, अर्धा खाली. झाकण हट्टानं उघडत नसेल तर ओढू नका, आणखी एक मिनिट द्या. कवच झालं की तो स्वतःच सुटतो. पहिला वॉफल बहुधा तुटतोच, कारण नव्या थरावरचं जास्तीचं तेल तो शोषून घेतो. तुटला तर काडीनं खण साफ करा, तूप लावा, पुन्हा साचा तापू द्या. तिसराही चिकटला तर दोष बहुधा उष्णतेत असतो.

काढलेला वॉफल ताटलीत ठेवू नका. जाळीवर ठेवा, एकावर एक नको. आपल्या दमट हवेत वाफ कोंडली की दोन मिनिटांत खरपूसपणा जातो.

इडलीचं आंबलेलं घट्ट पीठ या साच्यात फार छान होतं. ५०० मिली पिठाला ३ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून बारीक रवा, वाटलेलं आलं-मिरची, अगदी बारीक कोथिंबीर. तेल न घालता केलं तर नक्की चिकटणार, कारण इडलीच्या पिठात स्वतःची चरबी जवळजवळ नसते. डोशाचं पातळ पीठ चालत नाही, कडेनं वाहून जातं. कांद्याचे तुकडे घालू नका, ते खणांत अडकून जळतात. याला प्रत्येक बाजूला ४ मिनिटं लागतात. ओल्या नारळाची चटणी खणांत भरून खा.

नंतर

साचा कोमट असताना कोरड्या ब्रशनं कण झाडा, बस. रोज धुवायची गरज नाही. काही चिकटलं असेल तर गरम पाणी, ब्रश, आणि लगेच ड्रायर व शेगडी. थंड पाण्याखाली तापलेला साचा कधीही धरू नका, बीड तडकतं.

जून ते सप्टेंबर साचा बंद करून कपाटात ठेवू नका. तबकड्यांच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला, ती दर आठवड्याला बदला आणि साचा उघड्या फळीवर ठेवा. महिन्याभरापेक्षा जास्त दिवस वापर नसेल तर खाण्याच्या तेलाऐवजी औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात द्या. ते खवट होत नाही. पुन्हा काढाल तेव्हा ते गरम पाण्यानं आणि साबणाच्या थेंबानं धुवा, शेगडीवर वाळवा आणि शेंगदाणा तेलाचा एक थर देऊन मगच पीठ घाला.